मर्जीतली माणसं आणि बाकीचे आपण

सेमीकोलन

नमस्कार मंडळी. हे टंकू की नको असं बरेच दिवस चाललं होतं. कंपनीचं नाव सांगणार नाही, कृपया विचारू नका.

मी एका प्रॉडक्ट कंपनीत सीनियर इंजिनियर आहे. टीम बारा-तेरा जणांची. मध्यंतरी आमचा मॅनेजर बदलला. नवा माणूस हुशार आहे, बोलायला गोड आहे, कधी आवाज चढवत नाही. त्याच्या मागोमाग त्याच्या जुन्या कंपनीतली दोन माणसंही आली. त्यातल्या एकाला आपण 'र' म्हणू. तेव्हापासून मीटिंगमध्ये चर्चा होणं हळूहळू बंद झालं. मीटिंग होतात, पण निर्णय आधीच झालेला असतो. आपण काही बोलायला जावं तर डिझाइन डॉक्युमेंट तयार, 'र'चं आणि मॅनेजरचं त्यावर बोलणं झालेलं, उरलेल्यांनी माना डोलवायच्या.

कामाची वाटणी ऐका. नवं रेकमेंडेशन इंजिन, म्हणजे ग्राहकाला काय आवडेल ते सुचवणारी यंत्रणा, 'र'कडे. बिलिंगचं जुनं मॉड्यूल, ज्याला हात लावायला कुणी धजत नाही, ते माझ्याकडे, आणि त्याचा ऑन-कॉलही माझ्याकडे. बिलिंग रात्री बिघडलं की फोन मला. बिघडलं नाही तर ते का बिघडलं नाही याच्याशी कुणाला देणंघेणं नाही. यंदा मी त्याचा सगळा डेटा नव्या डेटाबेसवर हलवला, ग्राहकांचा जराही खोळंबा न होता. ऑल-हँड्सच्या, म्हणजे सगळ्या कंपनीच्या बैठकीच्या, स्लाइडवर त्याची एक ओळ: "बॅकएंड टीमने मायग्रेशन पूर्ण केले." लगेच पुढे 'र'चा अर्ध्या तासाचा डेमो. तो डेमो ज्या डेटावर चालला होता, तो त्याच मायग्रेशनमधून आलेला.

अप्रेजलमध्ये मला 'अपेक्षेप्रमाणे'. कारण काय, तर "तुझं काम उत्तम आहे गं, पण इम्पॅक्ट दिसत नाही." 'र'ला प्रमोशन.

तर ही वशिलेबाजी म्हणायची, की मलाच स्वतःला पुढे करता येत नाही? आणि वशिलेबाजी असेल तर करायचं काय? "नोकरी बदल" हा सल्ला घरून मिळालेला आहे, तो सोडून बोला.

रिकामा_लूप

नोकरी बदला.

(पळतोय. हलके घ्या.)

जुनाखांब

सेमीकोलनताई, तुमचा राग समजतो, पण एक गोष्ट वेगळी काढू या. नवा मॅनेजर आपली माणसं आणतो, हे मला तितकंसं खुपत नाही. नवी जागा, वरून दडपण, लवकर काहीतरी करून दाखवायचंय. अशा वेळी माणूस ज्याचं काम आधी पाहिलंय त्याच्यावरच भिस्त ठेवणार. तुम्ही-आम्हीही तेच करू. खुपतं ते पुढचं. वर्ष उलटलं तरी त्याला बाकीच्यांचं काम बघायची गरज वाटत नाही, ते.

यावर जुनं संशोधन आहे. डान्सेरो, ग्रेन आणि हागा या तिघांनी १९७५ साली मॅनेजर आणि त्यांच्या हाताखालची माणसं यांच्या जोड्या काही काळ पाहिल्या. तोवर समज असा होता की एका साहेबाची एक पद्धत असते आणि तो सगळ्यांशी तसाच वागतो. त्यांना दिसलं ते उलटं. काहींना माहिती मिळते, मोकळीक मिळते, चुकलं तर सांभाळून घेतलं जातं. बाकीच्यांशी नेमून दिलेल्या कामापुरता संबंध. आणि कोण कुठल्या गटात जाणार, हे फार लवकर ठरत होतं. सुरुवातीला किती मोकळीक मिळाली यावरून पुढचं सगळं ओळखता येत होतं.

म्हणजे तुमची वाट पहिल्या काही आठवड्यांतच ठरून गेलेली असू शकते. बिलिंग तुम्हाला येतं हे त्याला कळलं, त्याने ती खूण मारली आणि विषय त्याच्या डोक्यातून गेला.

मधली_फळी

मी टेबलाच्या पलीकडे बसतो, म्हणून तिकडचं सांगतो. शिव्या नंतर घाला.

सगळ्यांची रेटिंगं पक्की करायची बैठक, म्हणजे कॅलिब्रेशन, कशी असते ते बघा. सात-आठ मॅनेजर एका खोलीत. पडद्यावर एक स्प्रेडशीट, साठेक नावं, प्रत्येकापुढे सुचवलेलं रेटिंग. वेळ दोन तास. म्हणजे माणशी दोन मिनिटं, तीही कागदावर, कारण पाऊण तास पहिल्या आठ-दहा नावांच्या भांडणातच जातो. मधल्या नावांवरून नुसता स्क्रोल. एखाद्या नावाशी कुणीतरी थांबतं आणि विचारतं, "हिचं काम कुणी पाहिलंय का?" सगळे आपापल्या लॅपटॉपमध्ये बघायला लागतात. मग रेटिंग आहे तिथेच राहतं, किंवा वरच्या कप्प्यात गर्दी झाली असेल तर एक पायरी खाली. 'र'चा डेमो त्या खोलीतल्या प्रत्येकाने पाहिलेला असतो. बिलिंग न बिघडताना कुणी पाहिलेलं नसतं.

म्हणून माझं सरळ मत: अप्रेजलच्या दिवशी फारसा पक्षपात होतच नाही. तो त्याच्या कितीतरी आधी, काम वाटताना होऊन गेलेला असतो. रेकमेंडेशन इंजिन कुणाला आणि बिलिंग कुणाला हे ज्या दिवशी ठरलं, त्याच दिवशी दोघांची रेटिंगं ठरली. त्यानंतर मॅनेजर छातीठोकपणे, आकडे दाखवून सांगू शकतो की 'र'चा इम्पॅक्ट जास्त. आणि ते खोटंही नसतं! तुम्ही रेटिंगवर भांडायला गेलात की हरलातच, कारण त्या वेळी सगळे पुरावे त्याच्या बाजूचे असतात.

रच्याकने, रेटिंग या प्रकाराचंही फार मनावर घेऊ नका. २००० साली स्कलन, माउंट आणि गॉफ यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. साडेचार हजारांच्या आसपास मॅनेजर, प्रत्येकाला वरिष्ठांनी, बरोबरीच्यांनी आणि हाताखालच्यांनी गुण दिलेले. त्या गुणांतला निम्म्याहून जास्त फरक गुण देणाऱ्याच्या स्वतःच्या तऱ्हेमुळे पडत होता. कुणी मुळात सढळ, कुणी हात आखडता. ज्याला गुण दिले त्याच्या कामाचा वाटा त्यामानाने बराच कमी.

खोडरबर

मधली_फळी यांचा प्रतिसाद वाचला. "आम्ही तरी काय करणार, वेळच नसतो" हे फारच सोयीचं झालं, साहेब. वेळ नसतो तर साठ नावं एका बैठकीत घेता कशाला?

बरं, मुद्द्याचं. हे सगळं बेल कर्व्हमुळे, म्हणजे ठरलेल्या टक्क्यांतच रेटिंग वाटायच्या सक्तीमुळे, होतं असं बरेच जण म्हणतात. जनरल इलेक्ट्रिकमध्ये जॅक वेल्च यांनी वीस-सत्तर-दहा रूढ केलं, म्हणजे वरचे वीस टक्के डोक्यावर, खालचे दहा टक्के बाहेर. सॉफ्टवेअरवाल्यांनी ते उचललं. मायक्रोसॉफ्टमध्ये ते वर्षानुवर्षं चाललं आणि नोव्हेंबर २०१३ मध्ये त्यांनी ते बंद केलं. चांगल्या इंजिनियरांना दुसऱ्या चांगल्या इंजिनियरांसोबत एका टीममध्ये काम करायला नको वाटायचं, कारण वरच्या जागा मोजक्याच. अडोबीने तर २०१२ मध्ये वार्षिक रेटिंगच काढून टाकलं आणि त्याऐवजी वर्षभर अधूनमधून बोलण्याची पद्धत आणली. त्याचं कौतुकही खूप झालं.

पण मी अशा एका कंपनीत होतो जिथे आकडा काढला आणि त्याजागी दुसरं काहीच ठेवलं नाही. पगारवाढीचा एक डबा मॅनेजरच्या हातात, कुणाला किती हे त्याच्या 'जजमेंट'वर. पूर्वी निदान 'मला तीन का' असं विचारता यायचं. आता विचारायचं तरी काय? "तुझी प्रगती छान चालली आहे" यावर अपील कुठे करतात? बेल कर्व्ह वाईट होताच, पण वाईट नियमाशी निदान भांडता येतं. मर्जीशी कसं भांडणार?

कंसातली

खोडरबर +१.

सेमीकोलन, एक विचारू? टीममध्ये नवीन माणूस आला की त्याला सगळं समजावून सांगायचं काम कुणाकडे येतं? मीटिंगचे मिनिट्स? दोन टीमचं आपसात वाजलं की मध्ये कोण पडतं? इंटर्नना कोण सांभाळतं? उत्तर मला माहीत आहे, तरी विचारते.

या कामांना बढतीच्या कागदावर रकानाच नसतो. बॅबकॉक, रेकाल्डे, वेस्टरलुंड आणि वाइनगार्ट या चौघींचा २०१७ चा अभ्यास आहे. प्रयोग साधा होता. गटात एकाने तरी पुढे येऊन एक काम करायचं, ज्यात करणाऱ्याचा तोटा आणि बाकीच्यांचा फायदा. मिश्र गटात बायका पुरुषांपेक्षा जास्त वेळा पुढे आल्या. पण मजा पुढे आहे. नुसत्या पुरुषांच्या गटात पुरुष पुढे येत होतेच की! समोर बाई असली की ते थांबत होते, इतकंच. म्हणजे 'बायकांना असली कामं आवडतात' वगैरे काही नाही. कुणीतरी करेल, आणि ते कोण हे सगळ्यांनी मनात गृहीत धरलेलं असतं. शिवाय त्याच अभ्यासात, विनंती करायची वेळ आली तेव्हा ती बायकांनाच जास्त केली गेली.

'तुझ्याशिवाय हे कुणाला जमणार' या वाक्यानंतर मी हल्ली लगेच "पुढच्या वेळी कुणाची पाळी?" असं विचारते. समोरच्याचा चेहरा बघण्यासारखा असतो.

उलटा_बाण

मी इथे सगळ्यांच्या शिव्या खाणार आहे, कारण मी 'र' आहे. म्हणजे तुमच्या कंपनीतला नव्हे, आमच्या कंपनीतला.

मॅनेजरच्या गळ्यातला ताईत असणं बाहेरून दिसतं तेवढं सुखाचं नसतं. सुट्टीच्या दिवशी फोन आला तर मी 'नाही' म्हणू शकत नाही, कारण मला जे काही मिळालंय ते 'हा नाही म्हणत नाही' याच बोलीवर मिळालंय. टीमचा ग्रुप आहे, मला बाहेर ठेवून केलेला, तो असल्याचं मला माहीत आहे. मी बोलायला लागलो की स्टँडअप, म्हणजे टीमची रोजची छोटी बैठक, गप्प होते. सगळ्यात वाईट म्हणजे माझं काही चुकतं तेव्हा कुणी सांगत नाही. एका सर्व्हिसचा रीट्राय लॉजिक (काम फसलं तर परत कधी करून बघायचं, तो भाग) मी चुकीचा लिहिला होता. निदान दोघांना तरी तो दिसला होता, हे मला सर्व्हिस बंद पडल्यानंतर कळलं. कोड रिव्ह्यूमध्ये दोघांनीही मुकाट मंजुरी दिली होती. मॅनेजरच्या माणसाला कोण चुका काढून दाखवणार?

आणि उद्या तो मॅनेजर गेला की माझं काय? नवा येईल तो मला 'जुन्याचा माणूस' म्हणूनच ओळखणार. दोन वर्षांत दुसऱ्या कुणाशी मी धड ओळखही केलेली नाही.

सहानुभूती मागत नाहीये. पण दरवेळी लाडका चमचेगिरी करूनच वर जातो असं नाही. मला काम दिलं, मी केलं. नको कसं म्हणायचं, तुम्हीच सांगा.

रिकामा_लूप

बापरे, प्रमोशन मिळून पण रडगाणं. आमच्या नशिबी असली दुःखं कधी येणार?

सेमीकोलन

सगळ्यांचे आभार. इतके प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं.

कंसातली, हो. चारही प्रश्नांचं उत्तर 'मी'. मिनिट्स तर मी कधीपासून घेते हेही आठवत नाही.

उलटा_बाण, कोड रिव्ह्यूचं तुम्ही लिहिलंत ते वाचून थबकले, कारण मी त्याची दुसरी बाजू रोज बघते. 'र'चा पुल रिक्वेस्ट (मंजुरीसाठी टाकलेला कोडमधला बदल), चाळीसेक फायली बदललेल्या, टाकल्यापासून पाच मिनिटांत हिरवी खूण आणि खाली 'एलजीटीएम', म्हणजे 'मला ठीक वाटतंय'. चाळीस फायली पाच मिनिटांत नुसत्या उघडूनही होत नाहीत. माझा तीन फायलींचा, आठवडाभर तसाच पडून. मग त्यावर शेरे: व्हेरिएबलचं नाव बदला, इथे एक रिकामी ओळ हवी, हे फंक्शन वेगळ्या फायलीत न्या. तिथे नेलं की दुसरा येऊन म्हणतो, पहिल्याच जागी बरं होतं. कुणीच वाईट बोलत नाही. सगळं कसं सभ्य, 'नुसती एक सूचना' म्हणून. पण या सूचनांपायी माझा स्प्रिंट, म्हणजे कामाचा ठरलेला एक टप्पा, निघून जातो, आणि मग त्यानंतरच्या आढाव्यात (रेट्रोमध्ये) विषय निघतो की बिलिंगचं काम वेळेत होत नाही.

जुनाखांब काका, तुमचं 'खूण मारली' हे पटलं. पण मग ती पुसायची कशी? मी एचआरकडे जायच्या विचारात होते.

जुनाखांब

एचआरकडे जायच्या आधी नेमकं काय घेऊन जाणार ते ठरवा. "साहेब अमक्याला जास्त मान देतात" एवढंच घेऊन गेलात तर तिथे हसतमुखाने ऐकून घेतील आणि संध्याकाळपर्यंत ते साहेबांच्या कानावर असेल. एखादा माणूस आवडतो म्हणून त्याला झुकतं माप देणं बहुतेक देशांत कायद्याने गुन्हा नाही. लिंग, धर्म, वंश, वय, अपंगत्व असल्या कारणाने डावललं असेल तर तो भेदभाव, आणि तिथे कायदा उभा राहतो. कंसातलीने जो धागा पकडलाय तो या दुसऱ्या प्रकारात जाऊ शकतो, पण त्यासाठी एकट्या तुमचा अनुभव पुरणार नाही. टीममधल्या कुणाला कुठलं काम मिळालं, कुणाचा ऑन-कॉल किती, हे लागेल. ते शांतपणे, तारीखवार लिहून ठेवा. स्वतःच्या वहीत. कंपनीच्या लॅपटॉपवर नको, आणि कंपनीची गोपनीय कागदपत्रंही घरी नेऊ नका, नाहीतर तुमच्याच अंगाशी येईल.

मधली_फळी

काकांशी सहमत. मला वाटतं एचआरच्या आधी एक पायरी आहे.

मॅनेजरसमोर रेटिंगचा विषय काढूच नका. झालेलं रेटिंग बदलत नाही, आणि तो लगेच बचावात जातो. पुढच्या कामाचं बोला. "पुढच्या सहा महिन्यांत माझ्या वरच्या लेव्हलचं कुठलं काम माझ्याकडे येणार आहे?" हा प्रश्न वन-ऑन-वनमध्ये, म्हणजे दोघांच्याच बैठकीत, विचारा आणि जे उत्तर मिळेल ते त्याच दिवशी मेलने, "आपलं असं बोलणं झालं" म्हणून पाठवा. धमकीचा सूर नको. उत्तर नसेल तर 'उत्तर मिळालं नाही' हेही लेखी येतंच.

दुसरं, ऑन-कॉल. बिलिंग फक्त तुम्हाला येतं ही टीमची जोखीम आहे, आणि तशीच मांडा. तुम्ही रजेवर गेलात तर कंपनीची वसुली कोण बघणार? हा प्रश्न मॅनेजरला टाळता येत नाही, कारण तो त्याच्या साहेबालाही पडू शकतो. रोटा, म्हणजे ऑन-कॉलच्या पाळ्यांची यादी, सगळ्यांना दिसेल अशा ठिकाणी लावून घ्या. सगळ्यांची नावं एका खाली एक आली की कुणाच्या वाट्याला किती रात्री आल्या हे वेगळं सांगावं लागत नाही.

खोडरबर, तुमच्यासाठी. मर्जीशी भांडता येतं, पण तिच्यावर उजेड पाडून. कॅस्टिला आणि बेनार्ड यांनी २०१० मध्ये मॅनेजरकीचा अनुभव असलेल्या लोकांना बोनस वाटायला लावले. ज्यांना सांगितलं की 'ही कंपनी फक्त गुणवत्ता मानते', त्यांनी सारख्याच कामगिरीच्या बाईपेक्षा पुरुषाला जास्त दिला. आपण निष्पक्ष आहोत असं एकदा ऐकलं की माणूस स्वतःला तपासायचंच सोडतो. त्याच कॅस्टिला यांनी पुढे, २०१५ मध्ये, एका मोठ्या कंपनीचा अभ्यास मांडला. तिथे पगारवाढीचे निर्णय कोण घेतो हे ठरवून दिलं, त्याच्याकडे जाब मागायची सोय केली आणि ते आकडे वरच्यांना दिसू लागले. सारखं रेटिंग असूनही पगारवाढीत पडणारा फरक त्यानंतर घटला. कुणाला हाकललं नाही, कुणाला शिबिराला धाडलं नाही.

खोडरबर

हे ठीक. पण ते आकडे वरच्यांना दिसले. खालच्यांना दिसले का? बफर या सॉफ्टवेअर कंपनीने २०१३ मध्ये सगळ्यांचे पगार जगजाहीर केले, सीईओचासुद्धा. बाकी कुणी करतंय का? आमच्याकडे शेजारच्याचा पगार विचारला तर लोक असं बघतात की जणू रक्तगट मागितला.

आणि उलटा_बाण, 'नको कसं म्हणायचं' विचारलंत ना. नको म्हणू नका. डेमोच्या स्लाइडवर ज्याने मायग्रेशन केलं त्याचं नाव घाला. त्याला कुणाची परवानगी लागत नाही.

उलटा_बाण

हे मात्र खरंय. करता येईल.

पण मॅनेजरने ती स्लाइड काढायला सांगितली तर? हे काल्पनिक नाही. आमच्याकडे 'एवढी नावं नकोत, गोष्ट सुटसुटीत ठेव' असं सांगतात.

कंसातली

मग स्लाइड काढा आणि तोंडाने बोला. माइक तुमच्याच हातात असतो ना?

रिकामा_लूप

एक प्रतिसाद गंभीरपणे देतो, मग परत चेष्टा. माझ्या पहिल्या प्रतिसादात चूक काहीच नाही, फक्त वेळ महत्त्वाची. आत्ता सोडलंत तर इंटरव्ह्यूत काय सांगणार? "बिलिंग सांभाळत होते." तिकडेही तुम्हाला बिलिंगच देतील, ज्याला जे येतं तेच त्याच्या गळ्यात बांधतात. ते मायग्रेशन नीट लिहून काढा. आधी काय होतं, काय धोका होता, खोळंबा न होता कसं हलवलं. कंपनीच्या टेक टॉकमध्ये मांडा. कॅलिब्रेशनच्या खोलीतल्या त्या सात-आठ जणांपैकी दोघं जरी ऐकायला बसले तरी "हिचं काम कुणी पाहिलंय का" याला उत्तर मिळेल. आणि नाहीच मिळालं, तर तोच टॉक पुढच्या इंटरव्ह्यूत कामाला येतो. आहे की नाही दोन्हीकडून फायदा?

सेमीकोलन

रिकामा_लूप, तुम्ही हे सुरुवातीलाच लिहिलं असतंत तर!

अपडेट देते. वन-ऑन-वन झाली. रेटिंगचा शब्द काढला नाही. रेकमेंडेशन इंजिनला जो डेटा पुरवावा लागतो त्याची पाइपलाइन (डेटा तिथवर पोचवणारी व्यवस्था) नव्याने बांधायची आहे, ती मला हवी असं सांगितलं. मायग्रेशन मीच केलंय, त्यामुळे ती मला देण्यात तसं काही वावगंही नाही. बिलिंगचा रोटा चार जणांत वाटायचा प्रस्ताव डॉक्युमेंट करून पाठवला. मिनिट्सची पाळी लावायला स्टँडअपमध्येच सांगितलं. पहिली पाळी 'र'ची निघाली, आणि त्याने निमूट घेतली. खरं सांगायचं तर माणूस वाईट नाहीये तो.

रोट्याला होकार मिळाला. टेक टॉकसाठी नाव दिलंय. पाइपलाइनचं विचारलं तर मॅनेजर हसून म्हणाले, "बघू."

मधली_फळी

'बघू' कधी, ते मेलमध्ये विचारा. पुढचं प्लॅनिंग ज्या दिवशी आहे त्याच्या आधीची तारीख टाका.